फुफूचं परडं

शाळेचा निकाल 1 मे रोजी लागतो. मुलांच्या हातात प्रगतिपुस्तकं दिली, वर्गाला कुलूप लावलं, की आमच्या घरी दुसऱ्याच परीक्षेची तयारी सुरू होते. वर्षभर जपून ठेवलेल्या काचेच्या बाटल्या धुऊन, वाळवून वर्तमानपत्रात गुंडाळायच्या. छोटा वजनकाटा, पत्र्याची नवी बुचं, सायट्रिक ॲसिडची पुडी आणि एक जुनी वही पिशवीत टाकायची. मग एखाद्या दिवशी फजरची नमाज पढून मुंब्र्याहून दिव्याला यायचं आणि कोकणची गाडी धरायची.

पाच वर्षांपूर्वी आम्हाला कुणी सांगितलं असतं, की चाळिशी उलटल्यावर तुम्ही सुट्टीत रिकाम्या बाटल्या घेऊन प्रवास कराल, तर आम्ही हसलो असतो. गावाला जायचं ते दोन दिवसांसाठी. कबरस्तानात दुआ करायची, फुफूची खुशाली विचारायची, आंब्याची एक पेटी घ्यायची आणि परत.

पनवेल, रोहा मागे पडलं की डब्यातली गर्दी सैल होते. खेडला उतरून एसटीने दापोली, साधारण 30 किलोमीटर. रस्ता चढू लागतो तसे दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे दिसू लागतात. मे महिन्यात या रस्त्याला वास असतो. काजूच्या बोंडांचा, पिकल्या फणसाचा आणि टेम्पोत भरलेल्या आंब्यांचा. हे आंबे पेटीत बसणारे नसतात. लहान, डागी, देठाजवळ थोडे दबलेले. त्यांना इकडे ‘कॅनिंगचा आंबा’ म्हणतात. तो किलोवर विकला जातो आणि कारखान्यात त्याचा रस डबाबंद होतो.

दापोलीहून दुसरी एसटी दाभोळच्या खाडीकडे उतरते. दाभोळ हे एकेकाळचं मोठं बंदर. आदिलशाहीच्या काळात इथून गलबतं अरबस्तानाकडे जात, तिकडचे घोडे इथे उतरत. खाडीकाठची घुमटाची जुनी शाही मशीद आजही त्या दिवसांची आठवण देते. समुद्रावर महिनोन्‌महिने जाणाऱ्या माणसांना टिकणारं अन्न लागतं. या किनाऱ्यावरच्या घरांत खारवणं, वाळवणं, मुरवणं इतकं मुरलेलं आहे, ते उगाच नाही. पुढे गलबतं गेली आणि आमच्या घरांतली माणसं विमानानं कुवेत, दुबई, दोह्याला जाऊ लागली. त्यांच्याही बॅगेत लोणच्याची बरणी आणि आमसुलांची पुडी असतेच.

या खाडीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. म्हणजे ह्यांचं गाव. आता आम्हीही त्याला आमचंच म्हणतो.

पाच वर्षांपूर्वी आमचे सासरे अल्लाहला प्यारे झाले. सासूबाई आधीच गेल्या होत्या. मागे राहिलं कौलारू घर, पुढे खळं, मागे परडं. सगळं मिळून 9 गुंठे. आणि त्या घरात एकटी राहणारी फुफू, सासऱ्यांची धाकटी बहीण. ऐन बत्तिशीत विधवा होऊन ती माहेरी आली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर ती त्या घरातून हलली नाही. सासरे मुंबईला नोकरीत होते, आम्ही मुंब्र्यात, दीर कुवेतला. घराचा दिवा लावत होती ती फुफूच.

दिरांचा फोन आला. गिऱ्हाईक तयार होतं. “भाईजान, आता तिथे जाणार कोण? घर पडायच्या आधी विकून टाकू. फुफूला तुमच्याकडे आणा.” त्यात चूक काही नव्हतं. आम्हालाही ते पटलं होतं. ह्यांना नुकतीच साखर निघाली होती, मुलीची बारावी तोंडावर होती, पैशाची गरज होतीच. त्या मे महिन्यात आम्ही गावाला गेलो ते फुफूला घेऊन यायलाच.

फुफूनं सगळं ऐकून घेतलं. ती तेव्हा 69 वर्षांची होती. म्हणाली, “येईन की. रातांबे उतरू देत, मग बघू.”

रातांबे उतरले. मग म्हणाली, “आमसुलं वाळू देत.” आमसुलं वाळली तर म्हणाली, “पाऊस तोंडावर आला. पडवळ, शिराळी लावायची आहेत. ती न लावता कशी येऊ?” आमची सुट्टी संपत आली. फुफू काही ‘नाही’ म्हणाली नाही, पण प्रत्येक वेळी परड्यातलं एक काम पुढे करत राहिली. आणि ती कामं आमच्याच हातून करून घेत राहिली. आम्हाला त्या वेळी वाटलं, म्हातारी हट्टी आहे. तिला काय म्हणायचं होतं ते कळायला आम्हाला एक वर्ष लागलं.

वाचकांपैकी ज्यांनी कोकणातलं परडं पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. परडं म्हणजे घरामागची जागा. आमचं परडं तीनेक गुंठ्यांचं आहे. तीन बाजूंना गडगा, एका कोपऱ्यात विहीर. दोन रातांबे, एक फणस, एक रायवळ आंबा, शेवगा, कढीपत्ता. न्हाणीचं पाणी जातं तिथे केळी आणि अळू. मधल्या मोकळ्या जागेत भाजी.

ही जमीन वरवर दिसते तितकी सोपी नाही. दापोलीच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभ्याची तांबडी माती त्या पाण्यात धुऊन जाते. तिच्यातलं सत्त्व वाहून जातं आणि ती आंबट होत जाते. म्हणून फुफू वर्षभर परड्यात काही ना काही घालत असते. पालापाचोळा, शेणखत, चुलीतली राख. राखेनं मातीचा आंबटपणा कमी होतो, हे आम्ही शाळेच्या पुस्तकात शिकवलं होतं. फुफूनं ते पुस्तक वाचलेलं नाही. ती म्हणते, “माती खाते तेव्हा आपल्याला देते.”

परड्याचं कॅलेंडर वेगळं. मृगाचा पाऊस पडायच्या आधी मांडवाखाली आळी करून पडवळ, शिराळी, काकडी, भोपळा. भर पावसात जमिनीवर काही टिकत नाही, म्हणून भाजी मांडवावर चढवायची. पाऊस गेला, शेतातलं भात कापलं, की जमिनीतल्या ओलीवर वाल, पावटा, चवळी. थंडीत मुळा, लाल माठ, वांगी, मिरची, विहिरीच्या पाण्यावर. कशाचा दिवस चुकला की ते पीक त्या वर्षापुरतं गेलं. आम्ही मुंब्र्याच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत आता मिरची, पुदिना, कोथिंबीर करतो, पण ऋतू म्हणजे काय ते गॅलरीत कळत नाही. ते परड्यात कळतं.

स्वयंपाकघरात चुलीच्या वर, धुरात, फुफूनं पडवळ आणि शिराळ्याची वाळलेली फळं टांगलेली असतात. पहिल्या वर्षी आम्ही विचारलं, बी काढून डबीत का ठेवत नाहीस? ती म्हणाली, “फळातच बरं राहतं. लागेल तेव्हाच काढायचं.” कुरआनात हजरत यूसुफ (अ.स.) यांनी दुष्काळ यायच्या आधी मिसरच्या लोकांना धान्य कणसातच राहू द्यायला सांगितलं, खाण्यापुरतंच काढायला सांगितलं, ते आम्हाला तिथे चुलीपाशी उभं असताना आठवलं. सूरह यूसुफ आम्ही किती वेळा पढली असेल. कणसातच का, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.

आता रातांब्यांबद्दल. कोकमच्या फळाला आमच्याकडे रातांबा म्हणतात. एप्रिलअखेरपासून ते लाल-जांभळे होऊ लागतात. फळ फोडून गर आणि बिया वेगळ्या काढायच्या. साली उन्हात घालायच्या. गरात मीठ घालून जो रस सुटतो त्यात साली बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. याला पूट देणं म्हणतात. अशी पाच-सहा पुटं दिली की काळीभोर, मऊ आमसुलं तयार होतात. नुसता खारवलेला रस म्हणजे आगळ. तो बरणीत वर्षभर राहतो. फोडलेल्या फळांच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की सरबताचा पाक सुटतो. ह्यांना साखर चालत नाही, म्हणून आमच्या घरी आगळच जास्त.

या सगळ्याला ऊन लागतं आणि ऊन मोजकंच असतं. एक वळीव आला तरी चार दिवसांचं काम वाया. दुपारी दोन वाजता ढग आले की फुफू नमाजेच्या चटईवरून उठल्या उठल्या खळ्यात धावायची आणि तिच्यामागे आम्ही सूप, पाट्या घेऊन. बोटांना रातांब्याचा रंग चढायचा. शाळा उघडायच्या दिवसापर्यंत तो जात नसे.

त्या पहिल्या मे महिन्यात आम्ही आमसुलं शिकलो आणि आम्हाला वाटलं, आता आपल्याला सगळं येतं. फुफू दरवर्षी आंब्याचा रस बाटल्यांत भरून ठेवते. पावसाळ्यात, रमजानमध्ये, पाहुण्यांना तो लागतो. आम्ही दोन पेट्या आंबे मुंब्र्याला आणले आणि फुफूला न विचारता घरीच रस भरला. दोन किलो आंब्याचा जेमतेम किलोभर रस निघतो. चौदा बाटल्या झाल्या. रांगेत लावून फोटो काढला, नातेवाइकांना दाखवला.

जुलैत एका रात्री माळ्यावर फट्‌ असा आवाज झाला. मग दुसरा. सकाळी पाहतो तर बुचं उडालेली, रस फेसाळून भिंतीवर आलेला. उरलेल्या बाटल्या उघडल्या तर आंबूस वास. चौदापैकी अकरा बाटल्या गेल्या. फुफूला फोन केला. ती पहिलं वाक्य बोलली ते असं: “चाखू नका हां. एक थेंबही चाखू नका.” आंबलेल्या रसात नशा येते, म्हणून तो आपल्यासाठी नाही, आणि बिघडलेलं अन्न जीवाला धोका, म्हणूनही नाही. आम्ही तो रस ओतून दिला. अन्न ओतताना फार वाईट वाटलं. त्याहून वाईट वाटलं ते आमच्या घमेंडीचं.

पुढच्या मे महिन्यात आम्ही फुफूसमोर बसलो. गावातली एक मुलगी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकत होती. हे विद्यापीठ 1972 साली झालं आणि कोकणच्या फळांवर तिथे बरंच काम होतं. फुफू जे करत होती त्याचं कारण ती मुलगी सांगत गेली आणि आम्ही वहीत लिहीत गेलो. आमच्या चुका एक-एक करून बाहेर आल्या. बाटल्या धुतल्या होत्या, पण उकळल्या नव्हत्या. रस थंडच भरला होता. काठोकाठ भरला होता. गॅस वाचवायला दहाच मिनिटं उकळला होता. आणि आंबटपणाचा विचारच केला नव्हता.

आंबटपणा ही यातली किल्ली आहे. वाचक भगिनींनी एवढं नीट लक्षात ठेवावं. उकळत्या पाण्यानं खमीर आणि बुरशी मरते, पण काही जंतूंची बीजं 100 अंशालाही मरत नाहीत. हवाबंद बाटलीत, आंबटपणा कमी असेल तर, ती वाढतात आणि जीवघेणं विष तयार करतात. त्याला वासही नसू शकतो. पीएच 4.6 च्या खाली, म्हणजे पुरेशा आंबट पदार्थात, त्यांना वाढता येत नाही. म्हणून कोकम, कैरी, लिंबू, आवळा यांचं काम घरी होतं. पिकलेला आंबा काठावरचा. गोड वाटतो, पण आंबटपणाचा भरवसा नाही. म्हणून किलोभर रसाला आम्ही 5 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालतो. आणि भेंडी, फरसबी, मका, वालाचे दाणे अशा भाज्या साध्या पाण्यात उकळून बाटलीबंद करायच्या नाहीत. त्याला दाबाखालची जास्त उष्णता लागते आणि ती नेमकी किती वेळ, याचा तपासलेला हिशोब आपल्या घरच्या कुकरजवळ नसतो. फुफूनं भाजी कधीच बाटलीत भरली नाही. ती वाळवते, खारवते, सांडगे घालते. कैरीच्या फोडींना मीठ लावून आंबोशी करते. जुन्या बायकांनी जे केलं नाही, त्यालाही कारण असतं.

आमची आताची पद्धत अशी. बाटल्या उकळून गरम असतानाच घ्यायच्या. रस गरम करून भरायचा, वर दोन बोटं जागा सोडायची. बूच हातयंत्रानं दाबून बसवायचं. मोठ्या टोपात तळाला जुनं फडकं घालायचं, नाहीतर बाटल्या तडकतात. उकळी आल्यापासून अर्धा तास. मग बाटल्या थंड लादीवर न ठेवता कापडावर ठेवायच्या. तारीख लिहायची. पुढे कधी बूच फुगलेलं दिसलं, बुडबुडे दिसले, वास बदलला, तर न चाखता फेकायची.

फ्रान्समध्ये निकोला ॲपेर नावाच्या हलवायानं 1810 मध्ये हीच रीत पुस्तकात छापली आणि सरकारकडून 12,000 फ्रँकचं इनाम मिळवलं. अन्न का टिकतं ते त्यालाही माहीत नव्हतं. ते लुई पाश्चरनं पुढे पन्नासेक वर्षांनी दाखवलं. आम्ही हे फुफूला सांगितलं. ती म्हणाली, “मग मला का नाही मिळालं इनाम?” सगळे हसलो. पण हसता हसता आम्ही दोघं एकमेकांकडे पाहिलं.

कारण त्याच आठवड्यात आम्ही तलाठी कार्यालयातून सातबाऱ्याचा उतारा काढला होता. विक्रीचं बोलणं अजून चालू होतं. उताऱ्यावर सासऱ्यांचं नाव होतं. त्याआधी दादांचं, म्हणजे फुफूच्या वडिलांचं. फुफूचं नाव कुठेच नव्हतं. दादांच्या मागे एक मुलगा आणि एक मुलगी, दोनच वारस होते. मुलाला दोन हिस्से, मुलीला एक, ही वाटणी कुरआननं ठरवून दिली आहे. ती कुणाची मेहरबानी नाही. 9 गुंठ्यांतले 3 गुंठे फुफूचे होते आणि ती जवळजवळ चाळीस वर्षं भावाच्या घरी आश्रयाला असल्यासारखी राहिली. आम्ही जे विकायला निघालो होतो, त्यातला तिसरा हिस्सा आमचा नव्हताच. तिला कुणी विचारलंही नव्हतं. नेक, नमाजी माणसांचं घर आमचं. तरीही.

फुफूला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मला काय करायचंय नाव घेऊन? मेल्यावर तुमचंच आहे.” कुवेतहून दीरही तेच म्हणाले. फुफूला मूल नाही, शेवटी भाच्यांकडेच येणार, मग कागद कशाला? हे एरवी कमी बोलतात. त्या दिवशी फोनवर म्हणाले, “नंतर कुणाला मिळणार हा वेगळा सवाल. आज ज्याचा हक्क आहे त्याला आज द्यायचा. अब्बांच्या डोक्यावरचं ओझं आहे ते, आपणच उतरवायचं.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग दीर म्हणाले, “परडं फुफूला द्या.”

मोजणी आणि फेरफार व्हायला दीड वर्ष गेलं. आज परड्याच्या 3 गुंठ्यांवर फुफूचं नाव आहे. उरलेल्या सहा गुंठ्यांचा प्रश्न सुटलेला नाही. दिरांना मुलांच्या शिक्षणाला पैसा हवा आहे, त्यांचंही बरोबर आहे. कदाचित एक दिवस घर जाईल. पण त्या दिवसापासून परडं कुणी विकायला काढलेलं नाही. आणि फुफूनं उतारा वाचून घेतला, घडी करून कुरआनच्या कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला म्हणाली, “त्या कोपऱ्यात एक रातांबा लावू या. नवा.”

रातांब्याचं रोप बियांपासून लावलं तर ते नर निघेल की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही आणि नराला फळ नाही. फुफू म्हणाली, नर निघाला तर सहा-सात वर्षं फुकट, तेवढा वेळ माझ्याजवळ नाही. म्हणून दापोलीहून ‘कोकण अमृता’ जातीचं कलम आणलं. हिची फळं पावसाच्या आधी हाती येतात. खड्डा ह्यांनी खणला, आळं आम्ही केलं, फुफूनं बिस्मिल्लाह म्हणून माती लोटली. लावलेल्या झाडाचं माणसानं, पाखरानं, जनावरानं खाल्लं तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरतं, असं हदीसमध्ये आलं आहे. सत्तरी ओलांडलेल्या फुफूनं कुणाच्या नावे झाड लावलं, ते तिलाच ठाऊक.

आता ती 74 वर्षांची आहे. मागच्या हिवाळ्यात मोतीबिंदूसाठी मुंब्र्याला आली, महिनाभर राहिली आणि रोज सकाळी गॅलरीतल्या मिरच्या मोजत बसली. डोळा बरा झाल्यावर एक दिवसही थांबली नाही. शेजारची एक बाई आता रात्री तिच्या सोबतीला झोपते. परड्यातली जड कामं आम्ही मे आणि दिवाळीच्या सुट्टीत करतो. फुफू पडवीत बसून सांगते.

ती वही आता भरत आली आहे. फुफू मीठ मुठीनं घेते. लिटरभर आगळाला तीन मुठी. पहिल्या वर्षी आम्ही तिची मूठ काट्यावर रिकामी करून पाहिली. पाच वेळा मोजली, 50 ते 52 ग्रॅम, त्याच्या बाहेर नाही. वहीत लिहिलं: लिटरला 150 ग्रॅम. गेल्या मे महिन्यात पुन्हा मोजली तर मूठ 44 ग्रॅमची भरली. हात बारीक झाला आहे. आम्ही काही बोलणार इतक्यात तिनं तीन मुठी टाकल्या, थांबली आणि आणखी अर्धी मूठ टाकली. हिशोब केला. 154 ग्रॅम. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मुलांना वाटतं ‘मुरब्बा’ हा शब्द मराठी ‘मुरणे’पासून आला. ऐकायला तसंच वाटतं. पण तो अरबी आहे. मुरब्बा, मुरब्बी आणि तरबियत हे एकाच कुळातले शब्द. वाढवणं, जोपासणं हा त्यांचा अर्थ. फळ जोपासलं की मुरब्बा, माणूस जोपासला की तरबियत, आणि जोपासणारा तो मुरब्बी. वीस वर्षं हे शब्द आम्ही फळ्यावर लिहिले. आमची तरबियत पंचेचाळिशीला, एका परड्यात, रातांब्यांनी रंगलेल्या हातांनी होईल, असं वाटलं नव्हतं.

या रमजानमध्ये शेवटच्या इफ्तारला आगळाची शेवटची बाटली उघडली. नव्या कलमाला गेल्या वर्षी पहिली अकरा फळं आली होती. त्यांचाही रस त्यात होता. मुलगी हॉस्टेलहून आली होती. घोट घेऊन म्हणाली, “या मे महिन्यात मीपण येते.”

आपल्यापैकी कित्येकांचं गावाकडे एखादं घर असेल. त्यात एखादी फुफू, खाला किंवा दादी अजून मुठीनं मीठ घेत असेल. या सुट्टीत दोन दिवस जास्त काढून जा. सोबत वही घ्या, वजनकाटा घ्या. ती सांगेल ते करा आणि लिहून ठेवा. आणि परत येण्याआधी सातबाऱ्याचा उतारा काढून त्यावर तिचं नाव आहे का, तेही बघा.